‘पर्ल’चं मराठी करताना : बाजरीपासून बायोप्सीपर्यंत

संक्रांतीच्या आधीची गोष्ट. कडक भाकरी करणाऱ्या एका बचत गटाच्या ताई नवं छापून आलेलं पाकीट घेऊन माझ्याकडे आल्या. पाकीट देखणं होतं. पुढे तीळ लावलेल्या भाकरीचा फोटो, मागे घटकांची यादी, आधी इंग्रजीत आणि खाली मराठीत. मराठीतली पहिलीच ओळ होती : ‘मोती बाजरीचे पीठ’. ताई म्हणाल्या, “मॅडम, गिऱ्हाईक विचारतंय, ही मोती बाजरी कुठल्या बियाण्याची? आणि आमची नेहमीची बाजरी का सोडली?” त्यांनी काहीच सोडलं नव्हतं. बाजरी तीच, नेहमीच्या आडत्याकडून आणलेली. इंग्रजीत बाजरीला ‘पर्ल मिलेट’ म्हणतात आणि मजकूर लावणाऱ्याने ‘पर्ल’ दिसल्याबरोबर ‘मोती’ बसवला होता.

मी सोलापुरात भाषांतराची कामं करते. पाकिटांवरचा मजकूर, गारमेंटवाल्यांचे ऑर्डरचे कागद, दवाखान्यांची माहितीपत्रकं, असं सगळं येतं. या सगळ्यांत ‘पर्ल’ हा शब्द भेटतो आणि दर ठिकाणी निराळा असतो. कुठे चुकला तर गिऱ्हाईक गोंधळतं, कुठे चुकला तर माणसाच्या तब्येतीवर बेततं. म्हणून मी या शब्दासाठी एक पद्धत बसवली आहे. दुकानाचा फलक, मुलांचं पुस्तक किंवा आईचा रिपोर्ट वाचताना कुणालाही ती वापरता येईल.

पायरी पहिली : कागद कुणाच्या हातचा आहे?

शब्दकोश नंतर उघडा. आधी विचारा, हा कागद कोण वापरणार? सराफ, शिंपी, भुसारवाला, डॉक्टर, माळी की संगणकाचा विद्यार्थी? धंदा कळला की निम्मे अर्थ आपोआप गळतात. मग ‘पर्ल’च्या मागचा आणि पुढचा शब्द पेन्सिलीने अधोरेखित करा. एकटा ‘पर्ल’ फार क्वचित येतो. ‘पर्ल मिलेट’, ‘पर्ल बटण’, ‘मदर ऑफ पर्ल’, ‘पर्ल इंडेक्स’ असा तो जोडीनेच येतो, आणि अर्थ त्या जोडीत असतो. जोडी फोडून एकेका शब्दाचं मराठी केलं की ‘मोत्याची आई’ तयार होते. हे मी खरोखर छापलेलं पाहिलं आहे.

पायरी दुसरी : स्पेलिंग एकेक अक्षर वाचा

कानाला ‘पर्ल’ म्हणून सारखे ऐकू येणारे शब्द वेगळे असू शकतात. मोती म्हणजे पी-ई-ए-आर-एल. विणकामाच्या पुस्तकात पी-यू-आर-एल दिसला तर तो उलटा टाका. ‘एक सुलट, एक उलट’ यातला तो उलट. स्वेटर विणणाऱ्या बाईला ‘मोती टाका’ सांगितलात तर ती मणी शोधायला जाईल.

पी-ई-आर-एल, मध्ये ‘ए’ नाही, ही संगणकाची भाषा. लॅरी वॉल यांनी ती १९८७ साली आणली. नाव आधी मोत्याचंच ठरलं होतं, पण त्याच नावाची दुसरी एक संगणकभाषा अगोदरपासून होती, म्हणून ‘ए’ काढला. हिचं मराठी करायचं नसतं, ‘पर्ल’ असंच लिहायचं.

‘पर्लाइट’ची गोष्ट जरा अवघड आहे, कारण इंग्रजीत दोन शब्द आणि देवनागरीत एकच. नर्सरीतल्या पोत्यावरचा पर्लाइट म्हणजे ज्वालामुखीची काच तापवून लाह्यांसारखी फुगवलेले पांढरे, हलके दाणे. कुंडीतली माती मोकळी राहावी म्हणून ते घालतात. पॉलिटेक्निकच्या पुस्तकातला पर्लाइट पोलादाच्या आत असतो. फेराइट (जवळपास शुद्ध लोखंड) आणि सिमेंटाइट (लोखंड-कार्बनचं संयुग) यांचे एकाआड एक पातळ थर साचतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे चमकतात, म्हणून हे नाव. मराठीत लिहिताना ‘बागेचा पर्लाइट’, ‘पोलादातला पर्लाइट’ असा एक शब्द आधी जोडा, म्हणजे घोळ होणार नाही.

पायरी तिसरी : हे नाव तर नव्हे ना?

नाव असेल तर हात लावू नका. पर्ल हार्बर हे हवाई बेटांवरचं बंदर, ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने हल्ला केला ते. तिथल्या लोकांच्या भाषेतलं जुनं नाव ‘वाई मोमी’, म्हणजे मोत्यांचं पाणी. तिथे पूर्वी शिंपले मिळत. तरी मराठीत ते ‘मोती बंदर’ होत नाही. बाईचं नाव पर्ल असेल तर ते पर्लच राहतं. आपण मुक्ताचं इंग्रजी करतो का?

सगळ्यात फसवा आहे तो ‘पर्ल इंडेक्स’. कुटुंबनियोजनाच्या साधनांच्या माहितीपत्रकात तो येतो. शंभर स्त्रियांनी एखादं साधन वर्षभर वापरलं तर त्यांपैकी कितींना दिवस राहिले, याचा तो आकडा. आकडा जितका लहान तितकं साधन भरवशाचं. यातला पर्ल म्हणजे रेमंड पर्ल, अमेरिकन जीवशास्त्रज्ञ. आडनाव आहे ते. ‘मोती निर्देशांक’ वाचून कुठल्याही बाईला काही कळणार नाही, ‘पर्ल निर्देशांक’ लिहून पुढे एका वाक्यात वरचा अर्थ सांगितला तर कळेल.

पायरी चौथी : स्वयंपाकघरात आलात तर थांबा

इथे मी जास्त वेळ देते, कारण इथे एकच शब्द तीन वेगळ्या कारणांनी लागलेला असतो.

बाजरीला ‘पर्ल’ हे नाव दाण्याच्या रूपावरून. दाणा गोलसर, करडा, किंचित चमक असलेला. हे नुसतं ओळखीचं नाव आहे. इंग्रजीत ‘मिलेट’ या एका शब्दात कितीतरी धान्यं कोंबलेली आहेत, म्हणून त्यांना प्रत्येकाला विशेषण लावावं लागतं. ‘फिंगर मिलेट’ म्हणजे नाचणी, ‘फॉक्सटेल मिलेट’ म्हणजे राळे. आपल्याकडे प्रत्येक धान्याला स्वतःचं नाव असल्यामुळे विशेषणाची गरजच पडत नाही. ‘बोट बाजरी’ कुणी लिहीत नाही, मग ‘मोती बाजरी’ का लिहावी?

जवाला ‘पर्ल’ लागतो तो प्रक्रियेमुळे. ‘पर्ल बार्ली’ म्हणजे टरफल आणि कोंडा घासून काढून गोल, पांढरे केलेले जव. इथे ‘पर्ल’ हे खरं तर क्रियापद आहे : दाणा घासून गुळगुळीत करणे. म्हणून एखाद्या पाकिटावर ‘पर्ल्ड सोरघम’ दिसलं तर ती मोत्याची ज्वारी नाही, कोंडा काढलेली, पॉलिश केलेली ज्वारी आहे. आपल्या मालदांडीची भाकरी खाणाऱ्या माणसाला हा फरक कळलाच पाहिजे, कारण कोंड्याबरोबर तंतू म्हणजे फायबरही जातं. मराठीत ‘पॉलिश केलेले जव’, ‘पॉलिश केलेली ज्वारी’ असं स्वच्छ लिहा.

साबुदाण्याला तो शब्द आकारामुळे. ‘टॅपिओका पर्ल्स’ म्हणजे टॅपिओकाच्या कंदातल्या पिठूळ सत्त्वाच्या गोळ्या, आपला उपासाचा साबुदाणा. बबल टीच्या ग्लासात तळाला बसणाऱ्या काळ्या गोळ्याही त्याच जातकुळीच्या. ‘पर्ल अनियन’ मात्र कांद्याचीच एक चिमुकली, बहुधा पांढरी जात. मराठीत ‘बारके पांढरे कांदे’ पुरे.

आता हे तिन्ही एकमेकांच्या जागी गेले तर काय होतं? जवात ग्लुटेन असतं. बाजरीत नसतं, साबुदाण्यात नसतं. ज्याला सीलिअॅक आजार आहे, ज्याच्या आतड्याला ग्लुटेन अजिबात चालत नाही, त्याने ‘पर्ल’ पाहून बाजरी समजून ‘पर्ल बार्ली’चं सूप घेतलं तर तो आजारी पडेल. परदेशातून मुलाने पाठवलेल्या पाकिटावर आईने फक्त पहिला शब्द वाचला, असं सहज घडतं. म्हणून खाण्याच्या वस्तूवर ‘पर्ल’ दिसला की पुढचा शब्द वाचल्याशिवाय पाकीट उघडू नका, आणि भाषांतर करत असाल तर ‘मोती’ हा शब्द तिथे येऊच देऊ नका.

सोलापुरात एक सोपी खूण हाताशी आहे. आपल्या शहरात मराठीच्या जोडीला कन्नड, तेलुगू, उर्दू रोज कानावर पडतात. अक्कलकोटकडच्या कन्नड बाईला विचारा, ती बाजरीला सज्जे म्हणेल. पूर्व भागातल्या तेलुगू घरात सज्जलु म्हणतील, उर्दूत बाजरा. मोत्याला मात्र कन्नडमध्ये मुत्तु, तेलुगूत मुत्यम्, उर्दूत मोती. चारही भाषांत बाजरीच्या नावात मोती कुठे सापडत नाही. पिढ्यान्पिढ्या भाकरी थापणाऱ्या बायकांना जो शब्द लागला नाही, तो पाकिटावर नको. शंका आली की मी हीच परीक्षा घेते : ती वस्तू हाताळणाऱ्या, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या दोन माणसांना वस्तू दाखवायची आणि नाव विचारायचं. इंग्रजी शब्द त्यांना सांगायचाच नाही.

पाकीट छापणाऱ्यांसाठी एक गोष्ट. खाद्यपदार्थाच्या लेबलवरचा सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतल्या हिंदीत असावा लागतो, मराठी त्याच्या जोडीला देता येते. म्हणून मराठी दुरुस्त करताना इंग्रजी ओळ काढू नका, ‘पर्ल मिलेट’ तिथे बरोबरच आहे.

पायरी पाचवी : कापड, बटण, धागा

शाळेच्या गणवेशाच्या ऑर्डरवर दोन गोष्टी शेजारी असतात : ‘पर्ल व्हाइट’ आणि ‘पर्ल बटण’. पहिला रंग आहे. त्याला मराठीत जुना, सुंदर शब्द आहे, मोतिया. पांढऱ्यात किंचित पिवळसर झाक असलेला. दुसरं म्हणजे बहुतेक वेळा पॉलिएस्टरचं चमकदार बटण. पण ‘मदर ऑफ पर्ल’ लिहिलं असेल तर ते शिंपल्याच्या आतल्या चमकत्या थरातून कापलेलं खरं बटण, आणि दोघांच्या भावात पुष्कळ फरक पडतो. कारागीर त्याला ‘शिंपल्याचं बटण’ म्हणतात, तेच लिहा. ओळखायचं असेल तर बटण गालाला लावा. शिंपल्याचं गार लागतं, पॉलिएस्टरचं लागत नाही. उलटं करून पाहिलंत तर शिंपल्याच्या पाठीवर नैसर्गिक रेघा, डाग दिसतात आणि दोन बटणं तंतोतंत सारखी नसतात.

कागदावर हे बटण ‘एमओपी’ असं संक्षेपाने येतं. शेतकरी घरातल्या माणसाला एमओपी म्हणजे पोटॅशचं पोतं आठवतं, कारण कृषी सेवा केंद्रात म्युरेट ऑफ पोटॅशला तेच म्हणतात. कागद कुणाच्या हातचा आहे, ही पहिली पायरी इथे पुन्हा उपयोगी पडते.

भरतकामातला ‘पर्ल कॉटन’ हा पीळ दिलेला, चमकणारा सुती दोरा. साध्या भरतकामाच्या दोऱ्यासारखे याचे पदर सुटे करून वापरत नाहीत. त्याचा नंबर वाढला की दोरा बारीक होतो, आठ नंबर पाच नंबरपेक्षा बारीक. दुकानात ‘पर्ल कॉटन’ म्हणूनच मागा.

पायरी सहावी : दवाखान्याचा कागद

इथे माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. वैद्यकीय रिपोर्टमध्ये ‘पर्ल’ आला तर घरातल्या घरात मराठी करून मोकळे होऊ नका.

डॉक्टरांच्या भाषेत गोल, पांढऱ्या, चकाकणाऱ्या कशालाही ‘पर्ल’ म्हणायची सवय आहे, आणि त्या गोष्टींचं गांभीर्य अगदी वेगवेगळं असतं. तान्ह्या बाळाच्या टाळूवर पांढरे-पिवळसर बारीक ठिपके दिसतात, त्यांना ‘एप्स्टाइन पर्ल्स’ म्हणतात. आजीला वाटतं, बाळ दात घेऊन आलं. ते दात नसतात, दुखत नाहीत, काही आठवड्यांत आपोआप जातात. ते फोडायचे नाहीत, घासायचे नाहीत.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाच्या कागदावर महिन्यांनी किंवा वर्षांनी ‘एल्श्निग पर्ल्स’ लिहिलेलं येतं. माझ्या एका शेजाऱ्यांच्या बाबतीत घरच्यांनी त्यातला ‘पर्ल’ वाचून ‘मोतीबिंदू परत आला’ असं धरलं, आणि त्या गृहस्थांनी दोन दिवस जेवण टाकलं. मोतीबिंदू परत येत नाही, काढलेलं भिंग काढलेलंच असतं. नवं भिंग ज्या पातळ पिशवीत बसवतात, तिच्या मागच्या पडद्यावर उरलेल्या पेशी वाढून बुडबुड्यांसारखे पुंजके होतात आणि पुन्हा धूसर दिसू लागतं. ‘याग’ लेझरने त्या पडद्याला मध्ये वाट करून देतात, त्यासाठी पुन्हा डोळा कापावा लागत नाही. गंमत अशी की मोतीबिंदूला आजच्या वैद्यकीय इंग्रजीत ‘कॅटरॅक्ट’ म्हणतात, त्यात मोती नाही. मोती आपल्या शब्दात आहे. त्यामुळे इथे मराठी माणसाचाच घोटाळा जास्त होतो. मी अशा पत्रकात ‘पर्ल्स’चं मराठी ‘पेशींचे पुंजके’ करते आणि पुढच्याच वाक्यात ‘हा मोतीबिंदू नव्हे’ असं लिहिते.

आणि तिसरा, ज्याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे : ‘केराटिन पर्ल्स’. तोंडातल्या न भरणाऱ्या जखमेचा तुकडा तपासायला पाठवतात, त्या बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये हे शब्द येऊ शकतात. त्वचेत, नखांत असणारं केराटिन पेशींच्या मध्ये कांद्याच्या पापुद्र्यांसारखं गोल गुंडाळलेलं दिसतं, त्याला तसं म्हणतात. ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ या कर्करोगात ते बऱ्याचदा आढळतं. तंबाखू-गुटख्यामुळे हा तोंडाचा कर्करोग आपल्या भागात किती घरांत शिरला आहे, ते सांगायला नको. घरातल्या शिकलेल्या मुलाने फोनवर शब्द टाकला, ‘केराटिन मोती’ असं उत्तर आलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं, असं होऊ देऊ नका. हा शब्द दिसला की भाषांतर थांबवा, रिपोर्ट घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. माहितीपत्रक लिहीत असाल तर ‘केराटिनचे गोल पुंजके’ लिहा, ‘मोती’ हा शब्द चुकूनही नको. मराठीत मोती म्हटलं की मनात काहीतरी चांगलं येतं, आणि इथे ते घातक आहे.

पायरी सातवी : खरा मोती असेल तेव्हा

एवढं सगळं गाळून उरला तर तो मोती. तिथेही बिलावर काय लिहिलंय ते वाचा. ‘कल्चर्ड पर्ल’ म्हणजे माणसाने शिंपल्यात बीज घालून, शिंपल्याकडूनच तयार करून घेतलेला मोती. तो खोटा नाही, आज बाजारातले जवळपास सगळे खरे मोती असेच आहेत. जपानमध्ये मिकिमोतो यांनी १८९३ साली असा अर्धगोल मोती मिळवला आणि पुढे हा उद्योग उभा राहिला. ‘फ्रेश वॉटर’ म्हणजे गोड्या पाण्यातला. ‘शेल पर्ल’ हे नाव फसवं आहे, तो शिंपल्याच्या भुकटीचा किंवा तुकड्याचा मणी वरून लेप देऊन केलेला असतो, म्हणजे नकली. ‘ग्लास पर्ल’, ‘फो पर्ल’ हेही नकलीच.

हैदराबादहून तन्मणी किंवा नथीचे मोती आणणारी घरं सोलापुरात खूप. घेताना मोती दाताच्या कडेवर अगदी हलका घासून पाहा. खरा असेल तर बारीक रेतीसारखा खरखरतो, नकली गुळगुळीत घसरतो. मात्र आतला मोती निसर्गात आपोआप झालेला की बीज घालून केलेला, हे दाताने कळत नाही, त्याला प्रयोगशाळेत क्ष-किरणच लागतात. मोत्याची चमक म्हणजे आपल्या भाषेत त्याचं पाणी. घाम, अत्तर, लिंबू-चिंच यांनी ते उतरतं, कारण मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि आम्लाने तो झिजतो. घालून झाल्यावर मऊ सुती फडक्याने पुसा आणि दोरा सैल झाला की पटवेकऱ्याकडून गाठी घालून पुन्हा ओवून घ्या. प्रत्येक मोत्यानंतर गाठ असेल तर सर तुटला तरी एकच मोती जातो.

पायरी आठवी : वाक्प्रचार

‘पर्ल्स ऑफ विज्डम’चं ‘शहाणपणाचे मोती’ करू नका, ‘मोलाचे बोल’ म्हणा. डुकरांपुढे मोती टाकण्याची उपमा बायबलातली, मत्तयाच्या शुभवर्तमानातली. धार्मिक मजकुरात ती तशीच ठेवा, एरवी ‘गाढवापुढे वाचली गीता’ चपखल बसतं. ‘पर्ली गेट्स’ म्हणजे स्वर्गाचं दार. कुणी ‘गळ्यातले मोती घट्ट धरले’ असं इंग्रजीत आलं, तर मराठीत तिने शिव शिव म्हणत नाकाला पदर लावला.

आपल्या भाषेतही मोती दरवेळी मोती नसतो. पानिपतानंतर, १७६१ साली, सांकेतिक भाषेत जी बातमी दक्षिणेत आली म्हणतात, तिच्यात दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही असं होतं. वाचणाऱ्याला मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब हे कळलं, कारण पत्र कुणी कुणाला लिहिलं हे त्याला माहीत होतं.

शेवटची पायरी : मोठ्यांदा वाचून घ्या

छपाईला जाण्याआधी मजकूर अशा माणसाकडून मोठ्यांदा वाचून घ्या, ज्याने इंग्रजी पाहिलेलं नाही आणि जो ती वस्तू रोज वापरतो. तो जिथे अडखळेल, तिथला शब्द बदला. त्याला कारण विचारू नका, अडखळणं पुरेसं आहे.

ताईंच्या पाकिटावर आम्ही मराठीत लिहिलं : ‘घटक : बाजरीचे पीठ, तीळ, मीठ’. छापून पडलेल्या पाकिटांवर त्या एका ओळीची पट्टी चिकटवायची ठरली. भोगीच्या आदल्या रात्री गटातल्या बायका पट्ट्या लावत बसल्या होत्या. ताईंच्या सासूबाईंनी एक पाकीट उचललं, चष्मा नाकावर सरकवला आणि ओळ वाचली. “बाजरीचे पीठ, तीळ, मीठ.” कुठेही न थांबता. मग पाकीट खाली ठेवून त्यांनी पुढचं घेतलं.